कुंपणावरचे चार पिवळे सापळे

एल्डन क्रायडर माणसांना नावानं ओळखायचा नाही, गुन्ह्यानं ओळखायचा. टपाल टाकणारी बाई म्हणजे 'कोपरा तुडवणारी'. समोरचा दंतवैद्य म्हणजे 'डँडेलियनवाला', कारण त्याच्या अंगणातल्या फुलांच्या म्हाताऱ्या उडून एल्डनच्या गवतात उतरायच्या. वळणावरच्या घरातलं तरुण जोडपं म्हणजे 'कुत्रेवाले', आणि त्यांचा गुन्हा काय ते सांगायला नको. ओहायोतलं पायनी फोर्क हे गाव तसं लहान. यादी लवकरच संपली, मग त्यानं जुन्या लोकांचे नवे गुन्हे शोधायला सुरुवात केली.

एकतीस वर्षं त्यानं ट्रकचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. माल हातात घ्यायचा, खोट काढायची आणि बाजूला फेकायचा. निवृत्त झाल्यावर हातात माल येईनासा झाला, पण खोट काढायची खोड गेली नाही. ती सगळी घराच्या पुढच्या आणि मागच्या हिरवळीवर जाऊन बसली. मंगळवारी तो गवत उभं कापायचा, शुक्रवारी तिरकं. उंची तीन इंच. टपालपेटीच्या खांबाभोवती यंत्र फिरत नाही म्हणून तिथं गुडघे टेकून कात्रीनं कापायचा, आणि त्या वेळी कुणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं तर मान वर करायचा नाही. पहाटेच्या दवात गवतावर कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काही दिसलं की बुरशी आली हे त्याला कळायचं. पातं उलटं करून, उन्हाकडे धरून, डागाच्या कडेचा रंग पाहून तो रोगाचं नाव सांगायचा. या बाबतीत माणूस खरोखर हुशार होता. शत्रूचीही हुशारी मान्य करावी, म्हणून सांगितलं.

त्याची बायको वर्ना पंधरा वर्षांपूर्वी ॲरिझोनात बहिणीकडे गेली ती परत आली नाही. जाताना भांडली नाही, रडली नाही. "तिकडे गवत उगवत नाही म्हणे," एवढंच म्हणाली.

आणि मुलगी मार्नी. तिनं अकरा वर्षं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि त्याचं कारण अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तिचं पहिलं लग्न तिला घरामागच्या हिरवळीवर हवं होतं. एल्डन म्हणाला, "शंभर माणसं? आणि बायकांच्या बुटांच्या त्या टाचा? मी मेल्यावर कर." लग्न वीस मैलांवरच्या हॉलमध्ये झालं. एल्डन सूट घालून गेला, पहिल्या रांगेत बसला, आणि केक कापायच्या आधीच उठून घरी आला. कारण काय, तर त्या वर्षी दुष्काळ होता आणि गावानं पाणी घालायला सम तारखेला संध्याकाळी सहा ते आठ एवढीच मुभा दिली होती. ते लग्न चार वर्षांत मोडलं. गवत मात्र त्या उन्हाळ्यात वाचलं, आणि हे तो कुणी विचारलेलं नसतानाही सांगायचा.

त्यानंतर दर नाताळला मार्नीचं एक छापील कार्ड यायचं. खाली फक्त नाव. एल्डन ती कार्डं फ्रिजवर लावायचा नाही, पण टाकायचाही नाही.

मग एका एप्रिलमध्ये फोन आला.

"डॅड, मी मार्नी."

"आवाज ओळखतो मी," तो म्हणाला. खरं तर त्यानं क्षणभर ओळखला नव्हता.

"मी लग्न करतेय. कर्टिस नाव आहे त्याचं. चाळीसच माणसं असतील. तेरा सप्टेंबर. शेवटचं विचारते, नाही म्हणालास तरी चालेल. तुझ्या मागच्या अंगणात करू का?"

एल्डनच्या तोंडात 'नाही' तयारच असायचं, ते शोधावं लागायचं नाही. त्या दिवशी प्रथमच ते सापडेना. "टाचा?" त्यानं विचारलं.

मार्नी हसली. अकरा वर्षांत त्यानं ते हसू ऐकलं नव्हतं. "टाचा नाहीत. आम्ही अनवाणी उभं राहणार आहोत, मी आणि कर्टिस. त्याच्या भाच्या तर लोळतीलसुद्धा. म्हणून एकच कर, डॅड. या वर्षी त्या गवतावर विष मारू नकोस."

"बरं," एल्डन म्हणाला.

फोन ठेवून तो मागच्या पायरीवर जाऊन बसला. मुलगी परत यायला एक वाट उघडली होती, आणि ती वाट त्याच्या हिरवळीवरूनच जात होती. आता ही हिरवळ तेरा सप्टेंबरला अशी दिसली पाहिजे की मार्नीला अकरा वर्षांचं उत्तर बोलल्याशिवाय मिळावं. माफी मागणं त्याला जमलं नसतं. गवत जमत होतं.

आता विष न मारण्यात एक अडचण होती. त्या भागात जूनच्या शेवटी जपानी भुंगेरे येतात. हिरवं डोकं, तांब्यासारखी चकाकणारी पाठ. दिसायला दागिना, पण पानांची चाळण करून टाकतात आणि जाताना गवतात अंडी घालतात. त्या अंड्यांतून निघते ती हुमणी, गवताची मुळं खाणारी अळी. एल्डन दर वर्षी जूनमध्ये दाणेदार औषध टाकून वर पाणी मारायचा, की हुमणीचा विषयच संपला. या वर्षी वचन दिलेलं. म्हणून त्यानं दुकानातून सापळे आणले. वर पिवळं पत्र्यासारखं प्लास्टिक, मध्ये वासाची वडी, खाली पिशवी. भुंगेरा वासावर येतो, आपटतो, पिशवीत पडतो. विष नाही, फवारा नाही. एल्डननं चार सापळे मागच्या कुंपणावर ओळीनं लावले आणि स्वतःवर खूश झाला.

तीन दिवसांत पिशव्या फुगल्या. तो त्या मासे तोलायच्या काट्यावर लावून वजन बघायचा आणि मग साबणाच्या बादलीत ओतायचा.

कुंपणापलीकडे आयडेला प्रुइट राहायची. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, शहात्तर वर्षांची, काटकीसारखी बाई. गावातल्या निम्म्या लोकांना तिनं बेडूक कापायला शिकवलं होतं, मार्नीलासुद्धा. तिच्या पुढच्या अंगणात गवत नव्हतंच. कमरेएवढी जांभळी, पिवळी रानफुलं, आणि मोनार्क फुलपाखरांच्या अळ्यांसाठी मुद्दाम लावलेली मिल्कवीडची झाडं. मागच्या अंगणात गवत आणि क्लोव्हर, म्हणजे तीन पानांचं बुटकं रोप, असं मिसळून वाढलेलं. ती ना पाणी घालायची, ना औषध. तीन आठवड्यांतून एकदा कापायची, तेही मनात आलं तर. एल्डन तिच्या घराला 'जंगल' म्हणायचा आणि बावीस वर्षं तिला पाण्यात पाहायचा. तीही काही कमी नव्हती. कुंपणाशी येऊन टोमणा मारल्याशिवाय तिचा चहा घशाखाली उतरत नसे.

"एल्डन," ती त्या दिवशी म्हणाली, "तू हे भुंगेरे पकडतोयस की बोलावतोयस?"

"पिशवी बघ. दोन पौंड भरली."

"तेच म्हणते मी. आपल्या गल्लीत दोन पौंड भुंगेरे कधी होते? अख्ख्या काउंटीला आवतण दिलंयस तू. निम्मे पिशवीत पडतात, बाकीचे आसपास उतरतात. आणि सगळीकडे जमीन वाळून कडक झालीय, एकट्या तुझ्याकडे रोज पाणी. अंडी कुठं घालतील ते?"

"शाळा सुटली आयडेला. घरी जा."

"काढून टाक ते. तुझ्याच भल्याचं सांगते."

"तुला ना, माझं गवत हिरवं दिसलं की पोटात दुखतं. मार्नीचं लग्न आहे इथं, ऐकलंस ना? म्हणून."

आयडेलानं चष्मा वर सरकवला. "मार्नीचं लग्न आहे म्हणूनच सांगत होते. जाऊ दे. गाढवापुढे वाचली गीता."

एल्डननं सापळे काढले नाहीत. उलट रोज संध्याकाळी पाणी वाढवलं. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ज्याचा हात असतो त्याला ते शेवटी कळतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मागच्या अंगणाच्या मधोमध टोपलीएवढा डाग पडला. आधी निस्तेज, मग पिवळा, मग वाळक्या पेंढ्यासारखा. चार दिवसांत तसे सात झाले. एल्डननं पातं उलटं करून पाहिलं. कडेला तपकिरी रेघ नाही. पहाटे उठून दवात पाहिलं. जाळी नाही. म्हणजे बुरशी नव्हे. पाणी तर पुरेसं. मग काय? एखादा दुसरा असता तर त्यानं खुरप्यानं मूठभर गवत उचकटून खाली काय आहे ते बघितलं असतं. एल्डनला ते करवेना. लग्नाला तीन आठवडे राहिलेले, आणि आपल्याच हातानं हिरवळीत खड्डा पाडायचा? शिवाय तपासनिसाची एक खोड असते. खोट दिसली की ती दुसऱ्याच्या हातची आहे हे तो धरूनच चालतो.

त्याच संध्याकाळी त्यानं आयडेलाला कुंपणालगत वाकून बाटलीनं काहीतरी फवारताना पाहिलं. ती घेवड्यावरच्या भुंगेऱ्यांवर साबणाचं पाणी मारत होती. एल्डनला साबण दिसला नाही, बाटली दिसली.

"काय मारतेस तिथं?" तो अंगणाच्या त्या टोकापासून ओरडत आला.

"तुझे पाहुणे आलेत माझ्या घेवड्यावर. त्यांना आंघोळ घालतेय."

"तणनाशक आहे ते! माझ्या गवतावर उडवतेस तू!"

"माझ्या घरात तणनाशक? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? वास घे." तिनं बाटली पुढे केली.

त्यानं वास घेतला नाही. "माझ्या मुलीच्या लग्नात तू हे करतेस. तुला पोर ना बाळ, तुला काय कळणार!"

आयडेलाचा हात खाली आला. बावीस वर्षांत दोघं खूप काही बोलले होते, पण असं नाही. ती बाटली घेऊन घरात गेली, आणि एल्डनला वाटलं की आपण जिंकलो.

त्यानंतर त्यानं जे केलं ते सांगताना मला चीड येते. गावात नियम आहे की घरापुढच्या मोकळ्या जागेत रान दहा इंचांहून उंच वाढू द्यायचं नाही. नियम सगळ्यांना ठाऊक, पण आयडेलाची फुलं बघायला शाळेची मुलं यायची, म्हणून तो तिला कुणी लावला नव्हता. एल्डननं गावाच्या कचेरीत फोन केला. कचेरीवाल्यानं दारावर नोटीस चिकटवली, उत्तर द्यायला पाच दिवस. आयडेला तेव्हा टोलीडोत बहिणीकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेली होती. ती नाही हे एल्डनला माहीत होतं. पाच दिवस ती नोटीस त्याच्या खिडकीतून दिसत होती.

सहाव्या दिवशी मोठं यंत्र घेऊन दोन माणसं आली. अकरा मिनिटांत सगळं भुईसपाट झालं. मिल्कवीडवर त्या वेळी पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या होत्या, त्याही गेल्या. एल्डन कॉफीचा कप घेऊन खिडकीत उभा होता. त्याला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

आयडेला परत आली ती एका डोळ्याला पट्टी बांधून. टॅक्सीतून उतरून बॅग हातात घेऊन ती पुढच्या अंगणात उभी राहिली. खाली वाकून एक बुडखा हातात घेतला. एल्डन टपालपेटीपाशीच होता, त्याला पळताही येईना.

"कुणी केला फोन?" तिनं विचारलं.

"गावात नियम असतात," एल्डन म्हणाला.

"मी नियम विचारला नाही. कुणी केला ते विचारलं."

"मला काय माहीत? नियम पाळायचे असतात, एवढं मला माहीत आहे."

तिनं उघड्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि बुडखा हातात तसाच घेऊन आत गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात, हे त्या दिवशी पायनी फोर्कमध्ये झालं.

आणि चोर? तो जमिनीखाली जेवत होता.

दोन सप्टेंबरला सकाळी एल्डन मागच्या दारात आला आणि त्याला आधी वास आला. जळकट, नाकात घुसणारा, स्कंकचा वास, म्हणजे मांजराएवढ्या त्या काळ्या-पांढऱ्या, घाण वास सोडणाऱ्या प्राण्याचा. मग दिसलं. अंगणभर गवताचे पट्टेच्या पट्टे गुंडाळून टाकलेले, कुणी सकाळी उठून अंथरुणं गोळा करावीत तसे. स्कंकांनी रात्रभर जेवणावळ झोडली होती. तो खाली बसला आणि जवळचं गवत मुठीत धरून ओढलं. ते सतरंजीसारखं उचललं गेलं. मूळ नव्हतंच. खालच्या काळ्या मातीत पांढऱ्या, मऊ, अर्धवर्तुळात वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या. हुमणी. एका फुटाच्या चौकोनात त्यानं मोजल्या, त्रेचाळीस भरल्या. आठ-दहा असल्या तरी गवत जातं.

आयडेलाच्या घेवड्याला मात्र त्या सकाळी नवी फुलं आली होती.

काउंटीच्या शेतकी कचेरीतून एक तरुण बाई आली. गुडघ्यांवर बसली, दोन ठिकाणी माती उकरली, मग मान वर केली आणि तिची नजर कुंपणावर गेली.

"ते सापळे कुणी लावले?"

"मी."

"किती?"

"दिसताहेत ना चार."

"आणि रोज पाणी?"

"रोज."

ती हसली नाही, हे तिचे उपकार. "पुढच्या वर्षी लावायचेच असले, मिस्टर क्रायडर, तर ज्याच्यावर राग असेल त्याच्या अंगणात लावा."

"तेरा तारखेला मुलीचं लग्न आहे इथं, लहान मुलं अनवाणी फिरतील. तोवर काय करता येईल?"

"तयार गवताच्या गुंडाळ्या अंथरता येतील. पण आधी खालची हुमणी मारायला हवी, आणि ते औषध मारलं की त्यावर अनवाणी मुलं कुणी सोडू नयेत असं मी म्हणेन. न मारता अंथरलंत तर स्कंक रोज उलटवून ठेवतील. सप्टेंबरच्या शेवटी नवं बी पेरा. यंदाचं गेलं."

ती गेल्यावर एल्डननं कुंपणावरचे सापळे ओरबाडून काढले. पिशव्यांमधले भुंगेरे कधीच वाळून पोचट झाले होते. सगळं त्याला कळलं होतं. बाटलीत साबण होता हे कळलं. जुलैमध्ये आयडेला खरं सांगत होती हे कळलं. आता इथं एखादा माणूस कुंपण ओलांडून गेला असता. हा फोनकडे गेला.

"लग्न इथं होणार नाही," तो मार्नीला म्हणाला.

"काय झालं? तू बरा आहेस ना?"

"गवत मेलं. सगळं. हुमणी लागली."

"एवढंच ना? डॅड, घाबरवलंस की मला! वर खुर्च्या ठेवू. चटया टाकू. कोण बघतंय खाली?"

"मी बघतोय! चाळीस माणसांनी येऊन हे बघायचं? त्या डँडेलियनवाल्याला तू बोलावलंयस. तो बघणार!"

"मला गवताशी लग्न करायचं नाहीये."

"तूच म्हणालीस विष मारू नकोस. दर वर्षी मारतो मी. यंदा तुझं ऐकलं, म्हणून हे झालं!"

पलीकडे मार्नीचा आवाज चढला.

"मी तुला विचारलं तेव्हा तू 'बरं' म्हणाला होतास," ती म्हणाली. "पाच महिने मी ते 'बरं' सगळ्यांना सांगत फिरले. वेडी मी." आणि फोन ठेवला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. एल्डननं तिला परत फोन केला नाही. त्यानं मेलेलं गवत दाताळ्यानं ओढून ढीग केले, आणि स्वतःला सांगत राहिला की लाज वाचली.

रविवारी त्याला आयडेलाच्या दारात मार्नीची गाडी दिसली. दोघी मागच्या अंगणात हातवारे करत फिरत होत्या. पाणी न घालता, औषध न मारता क्लोव्हरचं ते अंगण हिरवंगार होतं. सोमवारी खुर्च्या आल्या. सगळं त्याला कुंपणावरून दिसत होतं, आणि त्याला कुणी काही सांगायला आलं नाही. फक्त शुक्रवारी दाराच्या फटीतून एक चिठ्ठी सरकली. मार्नीचं अक्षर: 'उद्या दोन वाजता, प्रुइट बाईंकडे. तुझी खुर्ची आहे.'

"तिच्या अंगणात मी पाय ठेवणार नाही," एल्डन रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणाला.

शनिवारी दोन वाजता तो आपल्या अंगणात गुडघे टेकून हुमण्या वेचत होता. कामाचे कपडे, कोपरापर्यंत माती, शेजारी बादली. कुंपण पाच फुटी, लाकडी. पलीकडचं दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. खुर्च्या सरकल्या. लहान मुली किंचाळत पळाल्या. कुणीतरी फिडल जुळवत होतं. मग कुंपणाच्या अगदी जवळ एका बाईनं विचारलं, "वडील नाही आले?"

आणि मार्नीचा आवाज आला. "त्यांच्याकडे मयत झालंय. गवताचं. सुतक आहे."

बायका खळखळून हसल्या. एल्डन तसाच थबकला. टोमणा त्याला नवा नव्हता, टोमण्यांवरच त्याचं आयुष्य गेलं होतं. पण मार्नीच्या आवाजात राग नव्हता. फोनवर होता, अकरा वर्षांपूर्वी हॉलच्या दारातही होता. आता नव्हता. एखाद्या लांबच्या चमत्कारिक नातेवाइकाची गोष्ट सांगावी तसं ती सहज सांगून गेली होती. राग असतो तोवर माणूस आपल्याकडे वळून बघत असतो, हे त्या मूर्खाला सत्तराव्या वर्षी, मातीत बसून कळलं, आणि तो भ्याला. आयुष्यात प्रथमच नीट भ्याला.

तो उठला. हात पँटला पुसले, त्यानं काही झालं नाही. आपलं उजाड अंगण ओलांडून, घराला वळसा घालून, कापलेल्या बुडख्यांवरून तो आयडेलाच्या बाजूच्या फाटकाशी आला. फाटकाला कडी होती, आणि आत आयडेला उभी होती. निळा पोशाख, डोळ्याची पट्टी निघालेली.

"काय हवंय?"

"मार्नीनं बोलावलंय."

"माहीत आहे. खुर्ची मीच मांडलीय." तिनं कडी काढली नाही. "माझी फुलं कुणी कापवली?"

"आयडेला, आत लग्न आहे. आत्ता—"

"आत्ताच. नंतर तू सांगणार नाहीस. बावीस वर्षं ओळखते तुला."

फिडल थांबलं होतं. मागच्या रांगेतली माणसं वळली, मग त्यांच्या पुढची. दंतवैद्य वळला. घराच्या दारात मार्नी हातात फुलं घेऊन उभी होती, अनवाणी, आणि तीही इकडेच बघत होती. एल्डनला उलट्या पावली जाता आलं असतं. शंभर पावलांवर त्याचं घर होतं.

"मी," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"मी केला होता फोन. तू दवाखान्यात होतीस हे मला माहीत होतं, म्हणूनच केला. आणि तू माझ्या गवताला काही केलं नव्हतंस. सापळे माझे होते. मी तुला जे बोललो, पोराबाळांचं..."

आयडेलानं कडी काढली. "मार्नीसाठी उघडतेय. तुझ्यासाठी नाही. सोमवारपासून तू मला तोंड दाखवू नकोस."

"बरं."

तो आत आला. मार्नी दारातून चालत त्याच्यापर्यंत आली. तिला हे ठाऊक नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. अंगण कापलं गेलं एवढं तिला माहीत होतं, कुणी कापवलं ते आयडेलानं तिला सांगितलं नव्हतं.

"प्रुइट बाईंची फुलं? तू?"

"मी."

"आणि मला म्हणालास, तुझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे नाही झालं. माझ्यामुळे झालं. आधीचंही."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मातीनं माखलेल्या हातांपासून वरपर्यंत. त्याला वाटलं, आता ही हात पुढे करेल. तिनं केला नाही.

"माझ्याबरोबर चालायचं नाही," ती म्हणाली. आवाजात राग होता, भरपूर राग. "पुढची खुर्चीही नाही. शेवटच्या रांगेत बस. आणि बसून राहा."

एल्डन शेवटच्या रांगेत, दंतवैद्याच्या शेजारी जाऊन बसला. दंतवैद्यानं नाकाला रुमाल लावला आणि खुर्ची थोडी सरकवून त्याला जागा दिली. फिडल पुन्हा सुरू झालं. मार्नी क्लोव्हरवरून एकटीच चालत पुढे गेली, आणि त्याच्या रांगेवरून जाताना तिनं त्याच्याकडे जळजळीत नजरेनं बघितलं. एल्डननं ती नजर चुकवली नाही.